शेवटच्या टेबलाची खुर्ची

माझं डोकं लवकर तापतं हे आमच्या लाइनवर सगळ्यांना माहीत आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते. पण तेव्हा जे झालं ते एखाद्या थंड डोक्याच्या माणसाच्या समोर झालं असतं, तर त्याचंही तापलंच असतं.

आमची कंपनी चाकणच्या एमआयडीसीत. गाडीच्या पोटातून ज्या वायरी फिरतात त्यांचे जुडगे आम्ही बांधतो. त्याला हार्नेस म्हणतात. लाइनवर सगळ्या बायकाच. एकीनं वायरी लावायच्या, दुसरीनं कनेक्टर बसवायचा, तिसरीनं त्याचं लॉक दाबायचं, असं करत करत माल माझ्यापर्यंत येतो. मी टेप गुंडाळते आणि शेवटच्या टेबलाकडे सरकवते. तिथली बाई अख्खा हार्नेस डोळ्यांखालून घालते आणि पेटीत ठेवते. सगळ्या लाइनवर बसून करायचं काम तेवढं एकच. बाकी आम्ही शिफ्टभर उभ्या.

त्या टेबलावरची बाई नवऱ्याच्या बदलीपायी नाशिकला गेली आणि खुर्ची रिकामी झाली. आमचे सुपरवायझर अर्जुनराव सरळ माणूस. त्यांनी पहिलं नाव घेतलं ते तानुमावशीचं. कुणी हूं की चूं केलं नाही, कारण मावशीच्या गुडघ्यांची काय दशा झाली होती ते आम्ही रोज बघत होतो. जेवणाच्या सुट्टीत ती कॅन्टीनच्या बाकाला धरून खाली बसायची आणि उठताना माझा खांदा मागायची. ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, उभं राहायचं काम सोडा, नाहीतर चालणंही सुटेल. आता सोडा म्हणणं सोपं आहे. घरी नवऱ्याला दमा. त्याचं औषध, त्याची वाफ, सगळं मावशीच्या ईएसआय कार्डावर. नोकरी गेली की कार्ड गेलं. तेव्हा ती खुर्ची म्हणजे मावशीसाठी काय होती हे मी वेगळं सांगायला नको.

"खुर्ची तुमचीच, तानुबाई," अर्जुनराव म्हणाले. "फक्त जपानच्या पाहुण्यांचा राउंड एकदा पार पडू द्या. ते शेवटच्या टेबलापाशी थांबतात, काही ना काही विचारतात. तेवढं नीट बोला."

मावशी हसून म्हणाली, "बोलायचं व्हय? त्यात काय हाय? माझं तोंड तर बंद करावं लागतं."

खरंच होतं ते. मावशी येलवाडीची, जन्म तिथलाच, सासरही तिथलंच. आमची बस निगडीहून निघायची, रुपीनगरला मला घ्यायची, तळवड्याच्या चौकात हमखास अडकायची आणि मग येलवाडीला मावशी चढायची. ती चढली की बसमध्ये कुणाला झोप नाही. कुणाची सून माहेरी गेली, कुणाच्या शेतात आता कसली शेड उभी राहते आहे, सगळ्या बातम्या चाकण येईपर्यंत चालू. बोलताना इंग्रजी शब्दांची ती पार वाट लावायची. शिफ्टला शिप, स्टेशनला ठेसन, कनेक्टरला कनेटर. पण अडलं नाही कधी कुणाचं. ती "कनेटर द्ये" म्हणाली की हातात कनेक्टरच यायचा.

आता ही पोका-योकेची भानगड सांगते. हा जपानी शब्द. चुकीचा माल पुढं जाऊच नये म्हणून केलेली अडवणूक म्हणजे पोका-योके. आमच्या लाइनवर तसा एक साचा आहे. कनेक्टरचं लॉक पूर्ण दाबलं नसेल तर तो त्या साच्यात बसतच नाही, म्हणजे माल तिथंच अडतो. आम्ही त्या साच्याला पोक्या म्हणायचो, घरच्या पोरासारखं. "पोक्या पुसून घे गं." "पोक्या आज रुसलाय." तसंच डोक्यावरच्या दोरीचं. खराब माल दिसला की ती ओढायची. वर पिवळा दिवा लागतो, गाणं वाजतं, लाइन थांबते. तिला अँडोन म्हणतात, हाही जपानीच. आम्ही आपलं दोरी म्हणायचो. दोरी ओढायची आणि ओरडायचं, "अगं, लॉक उघडं राहिलंय." अर्जुनराव धावत यायचे, संपला विषय.

पण पाहुणे येणार म्हटल्यावर ट्रेनिंगच्या जयदीप सरांनी नवा नियम काढला. रावेतला राहणारा, नुकतं लग्न झालेला, कामसू पोरगा. वाईट नाही हो, मी त्याला वाईट म्हणणार नाही. पण काहीतरी करून दाखवायची फार घाई. नियम असा, की दोरी ओढल्यावर सरळ उभं राहायचं आणि खणखणीत आवाजात म्हणायचं, "अँडोन. स्टेशन नऊ. कनेक्टर हाफ लॉक. पोका-योके एनजी." स्टेशन म्हणजे आपल्या जागेचा नंबर, हाफ लॉक म्हणजे अर्धवट दाबलेलं लॉक, एनजी म्हणजे नापास. ह्याच शब्दांत, ह्याच क्रमानं. उच्चार हा कंपनीचा चेहरा असतो, असं त्यानं ट्रेनिंगच्या खोलीतल्या फळ्यावर लिहून ठेवलं होतं.

गंमत ऐका. पहिल्या दिवशी तो स्वतःच "पोका-योक" म्हणत होता. जपानी दुभाषी म्हणून आमच्याकडे आम्रपाली मॅडम आहेत, त्यांनी त्याला दाराबाहेर नेलं, हळू आवाजात काहीतरी सांगितलं, आणि तो परत आला तो "योके, योके" करतच. कुणी हसलं नाही. कुणाला कळलंच नाही, मला कळलं ते मी दाराशेजारी बसले होते म्हणून.

मावशीची पाळी आली तेव्हा तिला कुणी दाराबाहेर नेऊन सांगितलं नाही. ती उभी राहिली, पदर नीट केला आणि म्हणाली, "आंडोन. ठेसन नऊ. कनेटर हापलाक. पोक्यायोक्या येनजी."

मोनिका आधी हसली. ती लॉक दाबायच्या जागेवर असते, हसायला तिला कारण लागत नाही. मग सगळ्याच हसल्या. मावशी पण हसली. इथवर ठीक होतं. जयदीप सर म्हणाले, "मावशी, तुम्ही काय बोलता ते तुमचं तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून सुधारत नाही. थांबा." आणि मोबाइलवर तिचं बोलणं भरून घेतलं. मग मोठ्या आवाजात लावलं. "पोक्यायोक्या येनजी." खोली दणाणली हसण्यानं. त्यानं परत लावलं. त्याच्या मनात पाप नव्हतं, त्याला खरंच वाटत होतं की असं ऐकून माणूस शिकतो. ह्या वेळी मावशी हसली नाही. ती मोबाइलकडे बघत राहिली. आपलाच आवाज परका वाटावा तसं तिचं तोंड झालं होतं.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली. मी म्हटलं, "सर, बस झालं आता. त्यांचे डोळे तपासायचेत का तोंड?"

"विजयश्री ताई, पाहुण्यांसमोर तोंडच जाणार आहे," तो म्हणाला. "मी त्यांच्याच भल्यासाठी करतोय. खुर्ची हवी आहे ना त्यांना?"

हवी तर होतीच.

दुसऱ्या दिवशी येलवाडीला मावशी बसमध्ये चढली आणि गुपचूप खिडकीशी बसली. मी म्हटलं, काय गं, गावात कुणी काही केलं नाही का आज? तर म्हणाली, "न्हाई." एवढंच. तोंड खिडकीकडं आणि ओठ हलतायत. मी कान दिला, तर तेच, पोका योके, पोका योके. बस महाळुंग्याच्या वळणावर ट्रकांच्या मागं थांबली होती, आणि मला वाटलं उतरून चालत सुटावं. स्वस्थ बसवेना.

आम्रपाली मॅडम पुढच्या सीटवर होत्या. त्यांनी मागं वळून मावशीला सांगितलं, "मावशी, तुम्ही चावी म्हणता ना? पगार म्हणता, घमेलं म्हणता, हातोड्याला मार्तूल म्हणता. हे सगळे पोर्तुगीजांचे शब्द. ते मार्तेलो म्हणायचे, आपण मार्तूल केला. आज त्यांच्यातल्या कुणाला मार्तूल म्हणून दाखवा, त्याला ओळखूसुद्धा येणार नाही. आणि जपानी लोक काय करतात सांगू? टेबलला तेबुरु म्हणतात. बसला बासु."

मी हसले. मावशीनं मात्र गंभीरपणे विचारलं, "मग त्यांच्या खुर्च्या काढून घेत्यात का?"

मॅडम पुढं वळून बसल्या.

तेव्हापासून मावशी बोलायची कमी झाली ती झालीच. पोका-योके राहिला बाजूला, ती साधे शब्द पण गिळायला लागली. कनेटर हवा असला तर बोट दाखवायची. टेबल म्हणायच्या ऐवजी "त्ये". शिप म्हणायची वेळ आली की "आपलं काम सुटल्यावर" असा वळसा घ्यायची. इतक्या वर्षांत जे शब्द तिच्या तोंडात मुरले होते, ते सगळे तिला एकाएकी चोरीचे वाटायला लागले. आणि मला शेजारी उभं राहून ते बघणं असह्य व्हायला लागलं. टेप गुंडाळताना माझा हात घट्ट पडायचा, अर्जुनराव दोनदा बोलले मला.

रविवारी मी तिच्या घरी गेले. म्हटलं, आपणच घोकून घेऊ. तिचा म्हातारा पलंगावर वाफ घेत बसला होता. मास्क बाजूला करून म्हणाला, "बरं झालं आलीस पोरी. ही झोपंत बी पोका पोका करती. मला वाटलं कशाला भोक पडलं."

मावशीला हसू आलं नाही. आम्ही ओट्यावर बसलो. मी म्हणायचे, ती म्हणायची. आश्चर्य म्हणजे आम्ही दोघीच असताना जमायला लागलं होतं. पोका-योके, स्वच्छ. कनेक्टर, बऱ्यापैकी. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. शेजारची बाई कसली टाळी म्हणून डोकावली, आणि मावशीनं लगेच म्हटलं, "पोक्यायो..." आणि थांबली. तोंड असं मिटून घेतलं की परत उघडलंच नाही.

"अगं, ती शेजारीण आहे तुझी," मी म्हटलं. "ती काय जपानची आहे का?"

"कुणी बघाय लागलं की जीभ वळती, विजू," ती म्हणाली. "मी काय करू? हसत्यात गं."

"हसू दे."

"तुला सोपं हाय. तुझे गुडघे हायेत."

मी उठून चहा टाकला.

पाहुण्यांचा दिवस उजाडला. लाइन लखलखीत धुतलेली, जमिनीवरचे पिवळे पट्टे नव्यानं रंगवलेले. मावशी शेवटच्या टेबलापाशी खुर्चीवर. केस चापून बांधलेले, ॲप्रनला इस्त्री. तिला खुर्चीत बसलेली बघून मला क्षणभर बरं वाटलं. पाय जमिनीवर टेकवून कशी निवांत बसली होती बाई. तेवढंच. मग मी तिच्या तोंडाकडं पाहिलं, तर ओठ हलत होते.

पाहुणे आले. हायाशी म्हणून एक वयस्क साहेब, किरकोळ अंगाचे, हात मागे बांधलेले. सोबत आम्रपाली मॅडम, जयदीप सर, अर्जुनराव. साहेब सावकाश चालत होते, एकेका जागेपाशी थांबत होते. आमच्या टोकाला आले आणि मावशीच्या टेबलाच्या अलीकडे उभे राहिले. काही विचारलं नाही, नुसते बघत. जयदीप सर त्यांच्या मागून मावशीला हातानं खुणावत होते, ताठ बसा, ताठ.

मी एक हार्नेस टेप करून सरकवला. मावशीनं तो उचलला, बोटं फिरवली आणि एका कनेक्टरपाशी थांबली. तिचा हात वर दोरीकडं गेला. मी पाहिलं, दोरीला बोटं लागली होती. मग तिनं एकदा साहेबांकडं पाहिलं, एकदा जयदीप सरांकडं, आणि हात खाली घेतला. तो हार्नेस पेटीत गेला नाही. टेबलाच्या काठावरून अलगद तिच्या मांडीवर गेला, ॲप्रनखाली.

माझ्या लगेच ध्यानात आलं नाही. दुसरा सरकवला, तो नीट निघाला, पेटीत गेला. तिसरा परत मांडीवर.

मग मी माझ्या हातातला निरखून पाहिला. टेप करताना आमची नजर वायरींवर असते, कनेक्टरवर नसते. कनेक्टरचं लॉक नखाएवढं वर राहिलेलं. म्हणजे मोनिकाकडून नीट दाबलं जात नव्हतं, आणि ज्या साच्यानं ते अडवायचं तो पोक्याही बिघडला होता. खराब माल बिनबोभाट पुढं येत होता. मावशीनं ते पहिल्याच हार्नेसला ओळखलं होतं. दोरी ओढायची आणि सांगायचं, एवढंच बाकी होतं. पण दोरी ओढली की दिवा लागणार, गाणं वाजणार, सगळी लाइन थांबून तिच्याकडं बघणार, आणि मग ते चार शब्द म्हणावे लागणार. पाहुण्यांच्या समोर, जयदीप सरांच्या समोर, मोनिकाच्या समोर.

खराब माल पेटीत टाकायचा तिला धीर होत नव्हता, आणि बोलायचाही होत नव्हता. म्हणून ती मांडीवर घेत होती.

मी काय करावं? मी दोरी ओढली तर मागचे कुठं गेले असं विचारणार आणि मावशी उघडी पडणार. नाही ओढली तर मांडी भरत जाणार, मोजणीला माल कमी निघणार, आणि तेव्हाही मावशीच अडकणार. मी तिला डोळ्यांनी खुणावलं, ओढ, ओढ. तिनं नाही म्हणून मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. अजून एक हार्नेस आला. तोही खराब. मावशीच्या ॲप्रनखाली आता ढीग दिसायला लागला होता, आणि साहेब तिथंच उभे.

मी दोरी ओढली.

दिवा लागला, गाणं सुरू झालं, लाइन थांबली. मला तो क्रम, ते स्टेशन, काही आठवलं नाही. रागच इतका आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं. मी ओरडले, "लॉक उघडं येतंय, पोक्या गेलाय कामातनं." जयदीप सरांनी कपाळाला हात लावला. हायाशी साहेबांनी मात्र माझ्या हातातला हार्नेस घेतला, लॉकवर अंगठा फिरवला, वर दिव्याकडं पाहिलं आणि मान डोलवली. त्यांना कुणी काही सांगावं लागलं नाही.

अर्जुनराव पेटीकडं धावले. "आधीचे किती गेले?"

"गेले न्हाईत," मावशी म्हणाली. आणि तिनं ॲप्रन बाजूला केला, मांडीवरचे हार्नेस एकेक करून टेबलावर ठेवले. सगळे खराब. पेटी तपासली, तर पेटीत एकही खराब नव्हता.

मला वाटलं, सुटली. एकही पीस पुढं गेला नाही, अजून काय पाहिजे? पण जयदीप सर पुढं आले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, उलट रडवेला होता. "मावशी, पण दोरी का नाही ओढली? तुम्हाला दिसत होतं ना?"

मावशी टेबलाला धरून उभी राहिली. "शब्द येत न्हाई नीट. चुकला असता. समद्यांच्या समोर."

"मग चुकला असता. त्यात काय?"

"हसले असते."

हायाशी साहेबांनी आम्रपाली मॅडमकडं पाहिलं. त्यांना सांगावंच लागलं. त्या हळूहळू सांगत होत्या, मध्ये थांबत होत्या. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एक छोटंसं वाक्य बोलले.

"काय म्हणतात?" अर्जुनरावांनी विचारलं.

"विचारतायत," मॅडम म्हणाल्या, "कोण हसलं असतं?"

मोनिका खाली बघत होती. जयदीप सर खाली बघत होते. माझ्या जिभेवर नावं होती, मी तोंड उघडलंही, पण मावशीनं मला हातानं थांबवलं.

"कुणी न्हाई," ती म्हणाली. "सांगा त्यांना, कुणी न्हाई. माझंच मला वाटलं."

मॅडमनी ते सांगितलं की नाही, मला माहीत नाही. साहेबांनी मावशीपुढं थोडी मान झुकवली आणि साच्याकडं गेले. बराच वेळ तो साचा उलटापालटा करून बघत होते. मग राउंड पुढं गेला.

साचा दुरुस्त होईपर्यंत आम्ही उभ्या होतो. मावशी तेवढी परत बसली होती. अर्जुनराव आले ते माझ्याकडे. मला म्हणाले, "विजयश्री, ह्या टेबलावर आता तू बस."

मला वाटलं ते चेष्टा करतायत. "मी? माझे गुडघे ठणठणीत आहेत, अर्जुनराव."

"गुडघ्यांचा प्रश्न नाही."

"गुडघ्यांचाच प्रश्न आहे. एक तरी खराब पीस गेला का त्यांच्या हातून? एक दाखवा."

"गेला नाही. पण मागून येत राहिले ना? तू दोरी ओढली म्हणून थांबले. मांडीवर किती घेणार माणूस? उद्या मी नसेन, तू नसशील, मग?" ते माझ्याशी भांडत नव्हते. मान खाली घालून बोलत होते, आणि म्हणूनच मला जास्त राग आला, कारण ते खोटं बोलत नव्हते. "मला वरून विचारलंय. शेवटच्या टेबलावर न घाबरता बोलणारी बाई पाहिजे."

"न घाबरता बोलतच होती ती," मी म्हटलं. "गेल्या महिन्यापर्यंत सगळ्या बसचं डोकं खायची. तिला घाबरवलं कुणी ते विचारा ना वरून. तुम्ही ज्याला उच्चार म्हणता त्यानं खाल्लं तिला. मी नाही बसणार."

"नसशील बसणार तर मला मोनिकाला बसवावं लागेल," अर्जुनराव म्हणाले. "रिकामं नाही ठेवता येत."

मी बोलणार होते अजून, खूप बोलणार होते. पण मावशी खुर्चीवरून उठली. दोन्ही हात टेबलावर टेकून, मग एक गुडघा, मग दुसरा. मी खांदा पुढं केला, तिनं तो घेतला नाही.

"बस," ती म्हणाली.

"मावशी, मी नाही..."

"भांडू नगं, विजू. मोनिका नगं, तिचं ध्यान नसतं. तू बस. मी तुझ्या जागंवर टेप लावती. जमंल तवर जमंल."

"आणि नाही जमलं तर? कार्डाचं काय?"

"त्ये बघू," ती म्हणाली. टेबल म्हणायचं टाळायची ना, तेव्हा असंच "त्ये" म्हणायची. मला रडू आलं. सगळ्यांच्या देखत आलं आणि मी ते पुसलंही नाही.

मी बसले. लाइन सुरू झाली. मावशी माझ्या जागी उभी राहिली, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकत टेप गुंडाळायला लागली. पहिला हार्नेस माझ्याकडं सरकवायच्या आधी तिनं तो उचलला, सगळ्या कनेक्टरवरून अंगठा फिरवला, लॉक दाबून बघितलं, आणि मग माझ्यापुढं ठेवला. दुसरा पण तसाच. टेप करणाऱ्या बाईचं ते काम नाही. तिला सांगावं असं मनात आलं, पण मी सांगितलं नाही, कारण तिचे ओठ मिटलेले होते आणि हलत नव्हते.

दुपारभर माझ्यापुढं आलेला प्रत्येक पीस आधीच तपासलेला होता. मला शोधायला काही राहिलंच नव्हतं. भोंगा होईपर्यंत मी त्या खुर्चीवर बसून होते, आणि खुर्चीचं काम मावशी उभ्यानं करत होती.